पुंगळीची साक्ष : ‘थ्री नॉट थ्री’च्या चेंबरमध्ये दडलेला इतिहास

१/
सप्टेंबर १९४८. आज जालना जिल्ह्यात असलेली तीर्थपुरी आणि गोदावरी खोऱ्यातील तिच्या आसपासची काळी जमीन तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १३ तारखेला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, पहिल्या काही दिवसांतच औरंगाबाद आणि जालना हाती आले आणि १७ तारखेला निजामाने माघार घेतली. या मोहिमेत आमनेसामने आलेल्या दोन्ही सैन्यांची नेहमीची रायफल एकाच मापाची गोळी झाडत होती. ते माप ०.३०३ इंच.

२/
भारतीय सैनिकाच्या खांद्यावर ली-एनफिल्ड होती. निजामाचे नियमित सैन्यही ब्रिटिश धर्तीवर उभे राहिलेले, त्यामुळे त्याच्याकडेही तीच. रझाकारांपैकी बहुतेकांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी आणि भाले होते; काहींना मात्र आधुनिक शस्त्रे मिळाली होती. अशा प्रदेशात कुणाच्या नांगराला एखादी हिरवट पडलेली पितळी पुंगळी लागली, तर पहिला प्रश्न हमखास येतो : ही कोणाची? हा थ्रेड त्या प्रश्नाच्या आधी विचारायच्या प्रश्नांविषयी आहे.

३/
त्यासाठी थोडी शस्त्रविद्या समजून घ्यावी लागेल. काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, तिला धरून ठेवणारी पितळी पुंगळी, पुंगळीच्या पोटात दारू, आणि बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी. चाप ओढला की फायरिंग पिन टोपीवर आदळते, ठिणगी दारूला भिडते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून निघून जाते. गोळी लांब कुठेतरी पडते. पुंगळी मात्र झाडणाऱ्याच्या पायाशी पडते. साक्षीदार म्हणून तीच हाती लागते.

४/
रायफलच्या नळीचा सर्वांत मागचा, काडतूस सामावणारा भाग म्हणजे चेंबर. बार उडाल्यावर चेंबरमध्ये चौरस इंचाला १८-१९ टनांच्या घरात दाब निर्माण होतो. त्या क्षणी पितळ फुगते आणि चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटते, त्यामुळे तप्त वायू मागे, सैनिकाच्या तोंडावर येत नाही. दाब ओसरला की पितळ किंचित आकसते आणि पुंगळी सुटी होते. पोलाद आणि पितळ यांच्यातला हा करार सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात पार पडतो.

५/
याचा परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाचा आहे. झाडलेली पुंगळी ही त्या चेंबरचा साचा असते. चेंबर सैल असेल तर पुंगळी फुगलेली दिसेल, खडबडीत असेल तर तिच्या अंगावर ओरखडे उमटतील, गंजाने खड्डे पडले असतील तर त्यांचे उंचवटे पितळेवर येतील. रायफल नष्ट झाली, वितळवली गेली, परदेशी संग्राहकाकडे गेली, तरी तिचा एक ठसा मागे उरलेला असतो. जुना आर्मरर हाच ठसा वाचून रायफलचा आजार ओळखत असे.

६/
आता त्याच्या पद्धतीने एकेक लक्षण पाहू.

पहिले लक्षण : बुडाच्या किंचित वर आलेला फुगवटा आणि पुढे सरकलेला खांदा. ली-एनफिल्डमधून निघालेली पुंगळी न झाडलेल्या काडतुसाशेजारी ठेवली की हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नवखा माणूस लगेच म्हणतो, “चेंबर झिजले आहे.” बहुतेक वेळा हे निदान चुकीचे असते.

७/
या रायफलचे चेंबर मुळातच ऐसपैस कोरलेले असे. खंदकातला चिखल, वाळवंटातली रेती, घाईत बनवलेली थोडी जाड काडतुसे, या सर्वांसह बोल्ट बंद झालाच पाहिजे, ही लष्कराची अट होती. ही सैल मापे परवडण्याचे कारण काडतुसाच्या रचनेत होते. .३०३ च्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेला गोल काठ असतो. पुंगळी त्या काठावर अडून राहते, खांद्यावर नव्हे. त्यामुळे खांद्यापुढे जागा उरली तरी लष्कराचे काही बिघडत नव्हते.

८/
शिवाय सैन्यात पुंगळी पुन्हा भरून वापरायची नसते. तिचे आयुष्य एका बाराचे. तो एक बार सुखरूप पार पडला आणि पुंगळी सहज बाहेर आली की काम झाले. मग ती वेडीवाकडी का दिसेना! म्हणून फुगवट्याकडे आजार म्हणून न पाहता त्या शस्त्राचा स्वभाव म्हणून पाहावे लागते. एखाद्या वस्तूतील ‘दोष’ तिच्या काळाच्या गरजेतून आलेला असू शकतो, हा धडा इतिहासाला नवीन नाही.

९/
दुसरे लक्षण अधिक गंभीर आहे. बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर पुंगळीभोवती चकाकणारे वलय. तिथे पितळ ताणून पातळ झालेले असते. तारेचे टोक वाकवून पुंगळीच्या आतून फिरवले तर त्या जागी खाच लागते. ताण आणखी वाढला की पुंगळी तिथेच दुभंगते. बूड बाहेर येते आणि उरलेली नळकांडी चेंबरमध्ये अडकून बसते. पुढचे काडतूस आत जात नाही, आणि ऐन लढाईत रायफल लाठीच्या कामाची उरते.

१०/
याचे मूळ बहुधा ‘हेडस्पेस’मध्ये सापडते. बोल्टचा चेहरा आणि काठ जिथे टेकतो ती जागा, यांच्यातले हे अंतर. ते वाढले की बार उडताना पुंगळीचे पुढचे अंग चेंबरला चिकटते, बूड मात्र मागे बोल्टपर्यंत ढकलले जाते आणि मधले पितळ ताणले जाते. ली-एनफिल्डच्या बोल्टचे पकडदात मागच्या बाजूला असल्याने तिची सगळी यंत्रणा बाराच्या वेळी थोडी लवते. त्यामुळे ताणात भरच पडते.

११/
हे अंतर तपासायला आर्मररकडे दोन पोलादी गेज असत. ०.०६४ इंचाच्या, म्हणजे सुमारे १.६३ मिलिमीटरच्या गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा. ०.०७४ इंचाच्या, म्हणजे सुमारे १.८८ मिलिमीटरच्या गेजवर तो बंद होता कामा नये. रायफल सेवेत राहणार की दुरुस्तीला जाणार, हे या दोहोंमधल्या पाव मिलिमीटरवर ठरे. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४’ रायफलसाठी तर ० ते ३ अशा क्रमांकांची बोल्टची डोकी मिळत. अंतर वाढले की डोके बदलायचे.

१२/
तिसरे लक्षण : मानेला उभी चीर. याची कथा थेट हिंदुस्थानातल्या पावसाळ्याशी जोडलेली आहे. पावसाच्या महिन्यांत मोहिमा थंडावत आणि दारूगोळा तबेल्यांत साठवला जाई. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडल्या की न झाडलेल्या काडतुसांना भेगा पडलेल्या दिसत, विशेषतः गोळी जिथे आवळलेली असते त्या मानेपाशी. इंग्रज लष्कराने या कोड्याला हंगामाचेच नाव दिले. ‘हंगामी तडे’ असे त्याचे मराठी करता येईल.

१३/
उत्तर मिळायला १९२१ साल उजाडावे लागले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की गुन्हेगार दोन आहेत. पुंगळी ओढून-दाबून घडवताना पितळेत साठून राहिलेला ताण हा पहिला. घोड्यांच्या मुतातून दमट हवेत मिसळणारा अमोनिया हा दुसरा. दोघे एकत्र आले की पितळ तडकते. उपाय साधा निघाला : पुंगळी घडवल्यावर तिला योग्य तेवढी ऊब देऊन आतला ताण घालवणे.

१४/
इथे थोडे थांबण्यासारखे आहे. रायफल निर्दोष होती, चेंबर निर्दोष होते, सैनिकाची काही चूक नव्हती. दोष होता कोठाराच्या जागेत आणि कारखान्याच्या एका राहून गेलेल्या पायरीत. रणांगणावर मात्र जे काडतूस दगा देई, त्याचा जबाब त्या सैनिकालाच द्यावा लागे. बिघाडाचे ठिकाण आणि बिघाडाचे कारण यांत असे अंतर असते. निदान म्हणजे ते अंतर चालून जाणे.

१५/
चौथे लक्षण : पुंगळी चिकटून बसणे. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळीच्या काठात अडकून तिला मागे खेचणारा आकडा, कधी कधी काठच ओरबाडून काढतो. कारण बहुतेकदा गंज. जुन्या टोप्यांतील रसायनात पोटॅशियम क्लोरेट असे. बारानंतर त्याचे क्षार नळीत उरतात, हवेतली ओल शोषतात आणि पोलाद खातात. म्हणून गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतण्याचा शिरस्ता होता. क्षार पाण्यात विरघळतात. नुसत्या तेलाने ते जात नाहीत.

१६/
मग पुल-थ्रूला कापडाची चिंधी लावून नळी कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा हलका हात. एका पावसाळ्यात हे दोनदा चुकले तरी चेंबरमध्ये बारीक खड्डे पडतात. फुगलेले पितळ त्या खड्ड्यांत शिरते आणि बाहेर यायला नकार देते. पुंगळीच्या अंगावर पुरळासारखे बारीक उंचवटे दिसले तर समजावे की चेंबर गंजलेले होते. म्हणजे ती पुंगळी त्या शस्त्रागाराच्या शिस्तीविषयीही बोलते आहे.

१७/
या आजारावर सैनिकांचा घरगुती उपाय असे काडतुसाला तेल चोळण्याचा. तो उलटा पडतो. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतींना धरून राहत नाही, त्यामुळे बाराचा सगळा धक्का मागे बोल्टवर येतो. पावसाने भिजलेल्या काडतुसाचेही तेच. कारखान्यात रायफलची ताकद अजमावताना मुद्दाम तेल लावलेले काडतूस झाडत, ते याच कारणाने. चेंबर आणि काडतूस कोरडे ठेवावे, हा नियम अनुभवातून आलेला होता.

१८/
पाचवे लक्षण टोपीवर दिसते. टोपी बुडातून बाहेर आलेली असेल तर हेडस्पेस वाढल्याची शंका येते. ती पार सपाट झाली असेल तर दाब जास्त झाल्याची. तिला भोक पडले असेल तर फायरिंग पिन प्रमाणाबाहेर पुढे येत असल्याची. पण यांतले एकही लक्षण एकट्याने पुरेसे नसते. वैद्य नुसत्या जिभेवरून रोग ठरवत नाही. नाडी, ताप आणि दिनचर्या यांचीही चौकशी करतो.

१९/
आता याच ज्ञानाच्या प्रकाशात इतिहासातील एक मोठा खटला पाहू. पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैन्य स्वदेशी ‘रॉस’ रायफल घेऊन उतरले. मापही तेच, .३०३. नेमबाजीत रॉस अतिशय अचूक, कारण तिचे चेंबर काटेकोर होते. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र येथे विषारी वायूच्या हल्ल्यात तिची परीक्षा झाली. पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या. सैनिक बुटाच्या टाचेने बोल्ट उघडत होते.

२०/
लढाईनंतर बचावलेल्या सुमारे ५,००० कॅनेडियन सैनिकांपैकी १,४५२ जणांनी रॉस टाकून मृत साथीदारांच्या ली-एनफिल्ड उचलल्याचे आढळले. कॅनडाचे संरक्षणमंत्री सॅम ह्यूज रॉसच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्यांच्या मते दोष ब्रिटनच्या निकृष्ट काडतुसांचा होता. विरोधक म्हणत, दोष रायफलचा. वाद राजकारणात शिरला आणि तोवर खंदकातला माणूस अडकलेल्या बोल्टशी झगडत राहिला.

२१/
निदान केले तर दोन्ही पक्ष अर्धे खरे ठरतात. युद्धाच्या घाईत बनलेली ब्रिटिश काडतुसे मापात खरोखर कमीजास्त होती. पण तीच काडतुसे ली-एनफिल्डच्या सैल चेंबरमधून सुरळीत निघत होती. रॉसच्या बोल्टचा अडसर त्याच्या दात्यावर आपटून तो दाता बिघडवतो, हा आणखी एक दोषही होता. रॉसची चेंबरे पुढे मोठी केली गेली, तरी विश्वास परतला नाही. १९१६ मध्ये ती आघाडीच्या पायदळातून गेली.

२२/
याच दुसऱ्या ईप्रच्या लढाईत हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजनही होती. त्याच वर्षी मेसोपोटेमियात सहाव्या पूना डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी धूळ आणि चिखलातून पुढे सरकत होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत-अल-अमारा पडले तेव्हा त्यांतील कित्येक जण कैदेत गेले. त्या मातीत शस्त्र चालू राहणे म्हणजे काय, हे लक्षात घेतले की ऐसपैस चेंबरचा निर्णय कागदावरचा वाटत नाही. ज्या सैलपणाला नेमबाज नावे ठेवी, त्याच्याच आधाराने पायदळाचा शिपाई लढत होता.

२३/
त्याआधीच्या पिढीची रायफल मार्टिनी-हेन्री, १८७१ ची. तिची मूळची पुंगळी अखंड पितळेची नव्हती. पितळी पत्रा गुंडाळून तिला लोखंडी बूड जोडलेले असे. नळी तापली, धूळ शिरली की पत्रा चेंबरला चिकटे आणि आकडा बूडच उपटून आणी. जानेवारी १८८५ मध्ये सुदानमधील अबू क्लीयाच्या लढाईत हा दोष जिवावर बेतला. यानंतर अखंड पितळेच्या पुंगळीकडे वाटचाल झाली. आजच्या पुंगळीमागे अशी किंमत मोजलेली आहे.

२४/
चेंबर हा राजकारणाचाही विषय होता. १८५७ नंतर हिंदी शिपायाला गोऱ्या सैनिकापेक्षा एक पिढी मागचे शस्त्र देण्याचे धोरण रुजले. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या हिंदी पलटणींच्या हाती जुनी स्नायडर होती. शेजारच्या गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी. दोन्हींची काडतुसे वेगळी, त्यामुळे एकाचा साठा दुसऱ्याच्या कामाचा नव्हता.

२५/
याच अविश्वासातून पुढे .४१० मस्केट आली. इशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्डच्या नळीतील पेचदार खाचा काढून ती गुळगुळीत केली गेली आणि तिच्यातून एका वेळी एकच बार काढता येईल अशी सोय झाली. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी हे शस्त्र होते. तिची पुंगळी .३०३ चीच, पण मान न आवळलेली, सरळ. हत्यार बंडखोरांच्या हाती पडले तरी लष्कराशी बरोबरी करू नये, ही त्यामागची भीती.

२६/
म्हणजे जमिनीतून मिळालेल्या पुंगळीला मान आहे की नाही, एवढ्यावरूनही बरेच कळते. मान असेल तर लष्करी रायफल. मान नसून पुंगळी सरळ असेल तर पहारा किंवा बंदोबस्ताची मस्केट. आणि बुडाला बाहेर आलेला काठच नसेल तर ती .३०३ नव्हेच. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने त्याच घडणीची, पण ७.६२ मिलिमीटरची ‘२ए’ व ‘२ए१’ रायफल बनवली. दुरून दोघी सारख्या दिसतात. पुंगळी खोटे बोलत नाही.

२७/
पुढचा पुरावा बुडावरच्या अक्षरांचा. रोमन ‘के’ आणि ‘एफ’ म्हणजे किरकी फॅक्टरी, अर्थात पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून असलेला दारूगोळा कारखाना. शेजारचे दोन आकडे साल सांगतात. रोमन सात म्हणजे १९१० मध्ये आलेले ‘मार्क सात’ काडतूस. ‘झेड’ असेल तर दारू कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची. ‘ओ-एफ-व्ही’ असेल तर कारखाना जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा, १९६४ चा. तेव्हा १९४८ चा प्रश्नच मिटला.

२८/
आता मराठवाड्याकडे. समजा, पुंगळी खडकीची आहे आणि साल ४३ आहे. यावरून काय म्हणता येईल? ती १९४३ पूर्वी झाडली गेली नाही, इतकेच निश्चित. ती पोलीस कारवाईत झाडली गेली असेल, त्याआधीच्या धुमश्चक्रीत झाडली गेली असेल, किंवा कित्येक वर्षांनी एखाद्या सराव-मैदानावरही. चांगल्या जागी ठेवलेला दारूगोळा दशकानुदशके टिकतो. बनल्याचे साल म्हणजे झाडल्याचे साल नव्हे.

२९/
आणि झाडणारा हात? तो पुंगळीवर नाही. खडकीची काडतुसे ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यासाठी बनली. त्या व्यवस्थेशी संस्थानी फौजाही जोडलेल्या होत्या. १९४८ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानाने निजामाकडे शस्त्रे पोहोचवली, ती वेगळीच. शस्त्रे चोरीला जातात, लुटली जातात, पक्ष बदलतात. एका पुंगळीवरून अमुक गावात अमक्याने अमक्याला मारले असे म्हणणे म्हणजे टोपी पाहून रोग सांगण्यासारखे आहे.

३०/
हा मुद्दा निव्वळ तांत्रिक नाही. १९४७-४८ च्या मराठवाड्यात रझाकारांच्या अत्याचारांनी गावे होरपळली. कारवाईनंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवरही हिंसेचे सावट आले. दोन्ही आठवणी आजही जिवंत आहेत. अशा ठिकाणी एखादी वस्तू पुरावा म्हणून उंचावली जाते तेव्हा तिच्याकडून ती सांगू शकते त्याहून अधिक वदवून घेण्याचा मोह होतो. अभ्यासकाचे पहिले कर्तव्य म्हणजे साक्षीदाराला जेवढे ठाऊक आहे तेवढेच विचारणे.

३१/
दोन पुंगळ्या एकाच रायफलमधून निघाल्या का, हे मात्र बऱ्याच वेळा सांगता येते. फायरिंग पिनचा खळगा, बोल्टच्या चेहऱ्याचे ओरखडे, आकड्याची खूण, या बाबी प्रत्येक रायफलच्या आपापल्या. तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली त्या शेजारी ठेवून पाहतात. मुंबईत कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत असे काम चालते. पण त्यासाठी पुंगळ्या नेमक्या कुठे, किती खोल, कशाशेजारी मिळाल्या याची नोंद हवी. घासूनपुसून चकचकीत केलेली पुंगळी मुकी होते.

३२/
आर्मररची शिस्त शेवटी चार पायऱ्यांची. एक, लक्षण नेमके काय ते लिहा. दोन, काडतूस बदलून पाहा : तोच बिघाड दुसऱ्या साठ्यातही येतो का? तीन, रायफल बदलून पाहा : तोच साठा दुसऱ्या रायफलमध्ये नीट चालतो का? चार, मग चेंबर, हेडस्पेस, आकडा यांची मोजमापे घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॉसच्या वादात मंत्री आणि विरोधक यांनी ही दुसरी-तिसरी पायरी ओलांडून थेट निकाल दिला होता.

३३/
२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर काही पोलिसांच्या हाती हीच ‘थ्री नॉट थ्री’ होती. त्यानंतर ‘जुनी रायफल’ हे दोन शब्द सगळ्या चर्चेचे उत्तर बनले. पण ‘जुनी’ हे निदान नव्हे. काडतुसे कोणत्या सालची? चेंबर शेवटचे कधी तपासले? शिपायाला वर्षाकाठी सरावासाठी किती गोळ्या मिळतात? हे प्रश्न विचारले तरच उत्तर एका लाकडी दस्त्यावर न थांबता व्यवस्थेपर्यंत पोहोचते.

३४/
एक इशारा आवश्यक आहे. न झाडलेले जुने काडतूस सापडले तर त्याला हात लावू नये, ठोकू नये, तापवू नये, घरी नेऊ नये. जागा लक्षात ठेवून पोलिसांना कळवावे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे. जुन्या रायफलमधून ‘चालते का पाहू’ म्हणून बार काढणे तर जिवाशी खेळ. वर वर्णिलेली सारी लक्षणे ज्यांना कळली, ती अनेकदा कुणाच्या तरी जखमेतून कळली आहेत.

३५/
ज्यांना हे सारे डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांच्यासाठी संग्रहालये आहेत, आणि जुन्या एनसीसी छात्रांच्या आठवणींत कवायतीची रायफल आहे. अशा अनेक कवायती रायफलींच्या चेंबरला आरपार भोक पाडलेले असते, म्हणजे त्या पुन्हा कधीच झाडता येऊ नयेत. पुढच्या वेळी काचेआड ली-एनफिल्ड दिसली तर नजर तिच्या दस्त्यावरून, संगिनीवरून हटवून बोल्टपुढच्या त्या दोन इंचांच्या पोकळीकडे न्यावी. साम्राज्याचा अविश्वास, कारखान्याची घाई, तबेल्याची हवा आणि शिपायाचे नशीब, सगळे तिथेच एकत्र येत होते.